घरचा राऊटर आणि पर्यायी फर्मवेअर



आज शिष्यवृत्तीचा अर्ज, ऑनलाइन तासिका, परीक्षेचा निकाल ही सारी कामे घरच्या वाय-फाय राऊटरवरून होतात. राऊटर ज्या आज्ञावलीवर चालतो तिला फर्मवेअर म्हणतात. काही वर्षांनी कंपनी तिच्यात सुधारणा देणे थांबवते. सुरक्षेतील उणिवा तशाच राहतात आणि धडधाकट यंत्र भंगारात जाते. अशा वेळी दुसरे, मोफत फर्मवेअर बसविता येते.

याची सुरुवात लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राऊटरपासून झाली. त्यात लिनक्स होते. त्याच्या परवान्यानुसार कंपनीला २००३ साली मूळ आज्ञावली खुली करावी लागली. त्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी उभे राहिले. डीडी-डब्ल्यूआरटी आणि टोमॅटो ही त्याचीच भावंडे.

पुढे याच राऊटरच्या पाचव्या आवृत्तीत नाव तेच ठेवून आतली मेमरी निम्मी केली गेली. जुन्या आवृत्तीची फाईल तिला चालेना. तेव्हा नुसते नाव पाहू नका, तळाच्या लेबलावरील आवृत्ती क्रमांक वाचा. आम्ही तो वाचला नाही आणि एक चालू राऊटर कायमचा बंद पाडला. दहावीच्या एका मुलीचा अभ्यास आठवडाभर अडला. चूक सर्वस्वी आमची होती.

निवड करताना प्रथम ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत आपले मॉडेल व आवृत्ती शोधावी. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमच्या जुन्या यंत्रांना नवी आवृत्ती मिळत नाही. फ्रेशटोमॅटो फक्त ब्रॉडकॉम चिपच्या राऊटरसाठी आहे. इंटरनेट कंपनीने दिलेल्या फायबरच्या पेटीला हात लावू नये. ती आपल्या मालकीची नसते.

बसविताना वाय-फायवरून नव्हे, तर केबल जोडून काम करावे. डाऊनलोड केलेल्या फाईलचा पडताळणी क्रमांक जुळवून पाहावा. पहिल्यांदा 'फॅक्टरी' नावाची फाईल लागते, नंतरच्या सुधारणांना 'सिसअपग्रेड'. फाईल लिहिली जात असताना वीज गेली तर राऊटर निकामी होऊ शकतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतरचा अंधार श्रीवर्धन-मुरूडकरांना सांगायला नको. एरवीही पावसाळ्यात विजेचा भरवसा नसतो. म्हणून हे काम इन्व्हर्टरवरच करावे. राऊटर पुन्हा सुरू झाल्यावर आधी पासवर्ड ठेवावा, देश भारत निवडावा, मग वाय-फाय चालू करावे.

विद्यार्थी मित्रांनो, शिकायचे असेल तर घरातल्या एकुलत्या राऊटरवर नको. कपाटात पडलेल्या जुन्या राऊटरवर हात बसवा. तो बिघडला तरी कोणाचा अभ्यास अडणार नाही. आणि सुधारला, तर शेजारच्या एखाद्या घरी उपयोगी पडेल.