वेदनेतून लोकोपयोगी विज्ञानाकडे
(व्याख्यानाचा संपादित मजकूर)



विद्वत्ता लोकोपयोगी केव्हा होते, या प्रश्नाचे उत्तर मला डॉ. रेजिना बार्झिले यांच्या जीवनक्रमात सापडते. १९७० साली तत्कालीन सोव्हिएत संघातील मोल्दोव्हात त्यांचा जन्म झाला. इस्राएलमध्ये शिक्षण घेऊन त्या अमेरिकेत गेल्या आणि २००३ मध्ये कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून एमआयटी या विख्यात संस्थेत प्राध्यापिका झाल्या. संगणकाला मानवी भाषा शिकविणे हे त्यांचे क्षेत्र.

२०१४ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी, त्यांना स्तनाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. उपचारकाळात एक विसंगती त्यांना तीव्रतेने जाणवली. बाजारातील क्षुल्लक व्यवहारांतही संगणक साठविलेल्या माहितीवरून अचूक अंदाज बांधतो. परंतु ‘माझ्यासारख्या इतर रुग्णांचे पुढे काय झाले?’ या साध्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. असंख्य रुग्णांच्या नोंदी दप्तरात तशाच पडून राहतात. बऱ्या झाल्यावर त्यांनी आपल्या संशोधनाची दिशाच बदलली.

मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातील क्ष-किरणतज्ज्ञ डॉ. कॉन्स्टन्स लेहमन आणि आपले विद्यार्थी ॲडम याला यांच्या सहकार्याने त्यांनी ‘मिराई’ ही प्रणाली सिद्ध केली. दोन लाखांहून अधिक मॅमोग्राम तपासण्या आणि त्या स्त्रियांना पुढे रोग झाला की नाही, याची नोंद यांवरून ती शिकली. पुढील पाच वर्षांतील धोक्याचा अंदाज ती सांगते. वय, कौटुंबिक इतिहास इत्यादींवर आधारलेली जुनी पद्धत कृष्णवर्णीय स्त्रियांच्या बाबतीत उणी पडत असे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मिराई श्वेत व कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी सारखीच अचूक ठरली; स्वीडन आणि तैवान येथील रुग्णालयांच्या नोंदींवरही ती पारखली गेली. २०२३ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगासाठी ‘सिबिल’ ही प्रणाली प्रसिद्ध झाली.

श्रोतेहो, यंत्राचा अंदाज म्हणजे निदान नव्हे. कोणाची तपासणी लवकर व अधिक बारकाईने करावी, हे ठरविण्यास तो वैद्यांना साहाय्य करतो. निर्णय माणसानेच घ्यावयाचा असतो. आणि हे यंत्र ज्यांच्या तपासण्यांवरून शिकले, त्या स्त्रियांची नावे आपणांस कधीच कळणार नाहीत. त्यांच्या आजाराच्या नोंदी आज अनोळखी भगिनींच्या उपयोगी पडत आहेत. स्वतःच्या दुःखातून उमटलेला प्रश्न सर्वांचा मानून त्यासाठी आपली विद्या वेचणे, हीच विद्वत्तेची सार्थकता होय.