कृष्णाकाठचा संयम

उंब्रजला तारळी कृष्णेला मिळते आणि कृष्णा पुढे कराडकडे वळते. तिथे प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे.

त्यांच्या संयमाची ही गोष्ट. नोव्हेंबर 1957. यशवंतराव द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री. संयुक्त महाराष्ट्रासाठी लोक पेटून उठलेले, आदल्या वर्षीच्या गोळीबारांच्या जखमा ताज्या. 'मराठा' दैनिकातून आचार्य अत्रे यशवंतरावांवर रोज आसूड ओढत होते. कराडची निवडणूकही यशवंतरावांनी थोडक्यातच जिंकलेली. अशात 30 नोव्हेंबरला प्रतापगडावर शिवरायांच्या पुतळ्याचं अनावरण करायला पंडित नेहरू आले. संयुक्त महाराष्ट्र समितीने वाटेवर काळी निशाणं घेऊन हजारो माणसं उभी केली. बंदी घालणं, लाठ्या चालवणं सरकारला सहज जमलं असतं. निदर्शनं झाली, समारंभही झाला; गोळी मात्र सुटली नाही. याचं श्रेय समितीच्या शिस्तीलाही द्यायला हवं, आणि ते मी मनापासून देतो.

यशवंतरावांनी शिवीला शिवीने उत्तर दिलं नाही. लोकांचं मन काय आहे, हे ते दिल्लीला शांतपणे पटवत राहिले. 1 मे 1960 रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य झालं, आणि ते त्याचे पहिले मुख्यमंत्री.