थिजणे



कोंबडी कुशीवर निजवून थोडा वेळ दाबून धरा आणि हात काढा. ती पळत नाही, निपचित पडून राहते. खानापूर तालुक्यात ज्यांच्या परड्यात कोंबड्या आहेत, त्यांना हे नवे नाही. १६४६ साली किर्खर या जेझुइट पंडिताने पाय बांधलेल्या कोंबडीपुढे खडूची रेघ ओढून हाच प्रकार ग्रंथात नोंदवला. पुढे लोक त्याला संमोहन म्हणू लागले.

ते संमोहन की भीती? १९७१ मध्ये अमेरिकेत गॉर्डन गॅलप आणि सहकाऱ्यांनी कोंबड्यांना मेटोसर्पेट हे शामक औषध दिले. शामकाने त्या अधिक वेळ पडून राहतील असे कुणालाही वाटेल. पण त्या लवकर उठल्या. उलट अॅड्रेनलिन टोचलेल्या कोंबड्या जास्त वेळ पडून राहिल्या. म्हणजे ती भीतीच.

मेटोसर्पेट हे रेसर्पिनच्या कुळातले, आणि रेसर्पिन सर्पगंधेच्या मुळीतले. रक्तदाबावरचा या मुळीचा गुण मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये जगापुढे मांडला होता.

माणूस भीतीने थिजतो, त्याची वाचा बसते, हे आपली मराठी कधीपासून सांगते. अत्याचाराच्या वेळी माणसाचे शरीर असेच थिजते, हे अभ्यासकांनीही नोंदवले आहे. तरी आपण त्या बाईला विचारतो, ‘ओरडली का नाहीस?’

तिचे गप्प राहणे ही संमती नव्हे. हा प्रश्न आपण विचारायचे सोडले पाहिजे.