आधी पाय, मग डोळा



धनुर्विद्येचा विषय निघाला की आपल्याकडे पोपटाचा डोळा हमखास येतो. द्रोणाचार्यांनी विचारलं, काय दिसतं? कुणाला झाड दिसलं, कुणाला फांद्या, अर्जुनाला मात्र फक्त डोळा. वार्षिक परीक्षा जवळ आली की ही गोष्ट घरोघर सांगितली जाते. खरं म्हणजे महाभारतात तो पोपट नाही, भास नावाचा पक्षी आहे, तोही बनवलेला, आणि अर्जुनाला दिसतं ते त्याचं डोकं. ते असो. माझी तक्रार निराळी आहे. या गोष्टीमुळे आपली अशी समजूत झाली आहे, की तिरंदाजी म्हणजे निशाण्याकडे टक लावून बघणं आणि एकाग्रता म्हणजे डोळे ताणणं. मैदानावर उतरलात तर चांगला प्रशिक्षक तुम्हाला सुरुवातीला निशाण्याकडे बघूच देत नाही.

हे मैदान आपल्यापासून लांब नाही. सातारा, सांगली म्हटलं की आपल्याला लाल माती आठवते. हेलसिंकीहून 1952 साली कांस्यपदक आणणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे आणि हिंदकेसरी मारुती माने सांगलीजवळच्या कवठेपिरानचे. ताकदीचा खेळ आपल्या अंगात मुरलेला आहे. पण ऑगस्ट 2023 मध्ये बर्लिनच्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेत साताऱ्यातल्या शेरेवाडीची अदिती स्वामी कंपाउंड प्रकारात जगज्जेती झाली, तेव्हा तिला नुकतीच सतरा वर्षं पूर्ण झाली होती. अंतिम सामन्यात तिचे गुण होते 150 पैकी 149. म्हणजे पंधरा बाणांतले चौदा दहाच्या वर्तुळात आणि एकच काय तो नऊवर. त्याच स्पर्धेत पुरुषांचं सुवर्ण नागपूरच्या ओजस देवतळेनं मिळवलं, तेही पूर्ण 150 गुणांनी, आणि तोही तयार झाला साताऱ्यातच, अदितीच्याच दृष्टी अकादमीत, प्रवीण सावंत यांच्या हाताखाली. उसाच्या फडांच्या शेजारी सराव करणारी ही मुलं. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव यांच्या आधीचा. मजुरी करणाऱ्या आईवडिलांचा मुलगा, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकांनी खेळाकडे वळवला, क्रीडा प्रबोधिनीत धनुष्य हाती आलं, पुढे सैन्यात गेला आणि टोकिओ ऑलिंपिकला खेळला.

आज मला पदकांबद्दल मात्र बोलायचं नाही. अनेक जण विचारतात, आम्हाला स्पर्धा खेळायची नाही, वयही झालं, पण मन फार भरकटतं, तर तिरंदाजीनं काही फरक पडतो का? पडतो. कसा, ते समजून घेण्यासारखं आहे.

उभं राहण्यापासून सुरुवात करू. निशाण्याला खांदा दाखवून, दोन्ही पायांत खांद्याएवढं अंतर ठेवून, वजन दोन्ही तळव्यांवर सारखं. मग बाण दोरीला लावायचा. मग दोरीवर तीन बोटं, तर्जनी बाणाच्या वर आणि दोन बोटं खाली. अंगठ्याचं इथं कामच नसतं, त्यामुळे एकलव्याची गोष्ट ऐकलेल्या मुलांचा पहिला प्रश्न तोच असतो. त्याचं उत्तर असं, की अंगठ्यानं दोरी ओढायची पद्धतही जुनी आहे आणि आशियात बऱ्याच ठिकाणी तीच चालायची. मग डावा हात उचलायचा, दोरी हनुवटीपर्यंत ओढायची आणि हात जबड्याखाली रोज त्याच जागी टेकवायचा. खेळाडू याला अँकर म्हणतात. दोरी ओढायची ती दंडानं नव्हे, पाठीनं. दोन्ही खांद्यांची पाती एकमेकांकडे सरकली पाहिजेत. हे सगळं जुळलं की मग कुठं निशाण्याकडे लक्ष न्यायचं.

एवढी काटेकोरी कशाला, याचा हिशोब सोपा आहे. ओढलेल्या धनुष्यात दोरीपासून मुठीपर्यंतचं अंतर साधारण 70 सेंटिमीटर धरा. ऑलिंपिकचा निशाणा असतो 70 मीटरवर, म्हणजे बरोबर शंभरपट. हनुवटीखालचा हात एक मिलिमीटर इकडचा तिकडे झाला, तर तिकडे बाण दहा सेंटिमीटरनं हुकतो. दहाच्या वर्तुळाचा व्यास आहे 12.2 सेंटिमीटर. एका मिलिमीटरनं दहाचे नऊ होतात. ही चूक डोळ्याला दिसत नाही, ती त्वचेला कळावी लागते. म्हणून तिरंदाजाचं लक्ष आधी आत वळतं: तळवे, बोटं, जबडा, पाठ, या क्रमानं. बाहेर ते अगदी शेवटी जातं.

मन शांत होण्याचं मूळ मला इथंच दिसतं. मनाला ‘भटकू नकोस’ म्हटलं तर ते ऐकत नाही, हा तुमचा माझा अनुभव. पण त्याला एकापाठोपाठ एक सात-आठ बारीक कामं दिली, आणि प्रत्येक काम अंगातल्या ठरावीक जागेवरचं असलं, की घराच्या हप्त्याचा विचार यायला फट उरत नाही. तालमीत वस्ताद नव्या पोराला महिनोन्‌महिने जोर-बैठका मारायला लावतात आणि कुस्ती नंतर लावतात, त्याच धर्तीवर इथंही शिक्षण चालतं. नवख्याला निशाण्यापासून चार-पाच पावलांवर उभं करतात. समोर रंगीत वर्तुळांचा कागद नसतो, नुसती गवताची किंवा फोमची भिंत. डोळे मिटून बाण सोडायचा आणि हातातून दोरी कशी निसटली एवढंच जाणवून घ्यायचं. चुकायला काही नाहीच, म्हणून भीतीही नाही.

हाच उपाय मुरलेल्या खेळाडूंनाही करावा लागतो. या खेळात एक विकार आहे, टार्गेट पॅनिक. वर्षानुवर्षं खेळलेला माणूस मधल्या पिवळ्या वर्तुळावर नेम स्थिरावायच्या आतच बाण सोडून देतो, किंवा उलट, नेम पिवळ्यापर्यंत नेताच येत नाही, हात वाटेतच गोठतो. गुणांची ओढ लागली की हे होतं. मग त्याला पुन्हा कोऱ्या भिंतीपुढे नेतात. निशाण्यावर फार लक्ष दिल्यानं निशाणा हुकतो, हे पोपटाच्या गोष्टीत कुणी सांगत नाही.

मन निवांत करायचं तर पारंपरिक धनुष्य बरं; ते म्हणजे कोणतं, हेही सांगायला हवं. आपल्याकडे नंदुरबारच्या भिल्ल-पावऱ्यांकडे, मेळघाटात कोरकूंकडे बांबूचा तीरकामठा अजून आहे. सातारा-सांगलीत देवळाच्या आवारात वीरगळ उभे असतात, वाई तालुक्यातलं किकली तर त्यासाठीच प्रसिद्ध. अशा दगडांवरच्या लढाईच्या चौकटीत कधीकधी धनुर्धारीही कोरलेला असतो. आजही नवशिका बहुधा साध्या लाकडी-बांबूच्या धनुष्यावरच हात बसवतो. या धनुष्याला ना नेमाची साईट, ना तोल सांभाळणारे दांडे. कंपाउंड धनुष्याला चाकं असतात आणि पूर्ण ओढल्यावर भार पुष्कळ कमी होतो, त्यामुळे नेम धरून थांबता येतं. बांबूच्या धनुष्यात जितकं ओढाल तितकं जड होत जातं. रेंगाळलात की हात थरथरतो. विचार करत बसायची मुभाच नाही, आणि ज्याला मन निवांत करायचं आहे त्याला हे फार सोयीचं. शिवाय कंपाउंडचा सगळा संच लाखांच्या घरात जातो, हेही बांबूच्या पारड्यात घालाच.

या विषयाला गूढ वलय द्यायचा मोह अनेकांना होतो. ऑयगेन हेरिगेल नावाचे जर्मन प्राध्यापक 1920 च्या दशकात जपानमध्ये सेंदाईला शिकवत होते. तिथं आवा केन्झो या गुरूंकडे ते धनुर्विद्या शिकले आणि 1948 मध्ये त्यांचं झेन आणि धनुर्विद्येवरचं पुस्तक आलं. ते जगभर गाजलं. पुढे यामादा शोजी या जपानी अभ्यासकानं दाखवून दिलं, की आवा हे काही झेनचे साधक नव्हते आणि गुरुशिष्यांच्या भाषेच्या अडचणीतून बराच गूढ अर्थ निघाला होता. मला यात निराश होण्यासारखं काही वाटत नाही. शांती पाठीच्या स्नायूंतून येत असेल तर तिचा दर्जा कमी होत नाही. फक्त कुणी तिरंदाजीला मनाच्या आजारावरचं औषध म्हणून विकत असेल, तर त्याला दुरून नमस्कार करा. औषधासाठी डॉक्टर आहेत.

आणखी एक गोष्ट खेळातच दडलेली आहे, ती म्हणजे चालणं. मैदानावर शिट्टीचा कायदा असतो. दोन शिट्ट्या झाल्या की रेषेवर यायचं, एक झाली की बाण सोडायचे, तीन झाल्या की सगळ्यांनी मिळून बाण आणायला जायचं. ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत सहा-सहा करून 72 बाण असतात, म्हणजे बारा वेळा 70 मीटर जायचं आणि यायचं. पावणेदोन किलोमीटरच्या आसपास चाल होते. दर सहा बाणांनंतर मनाला सक्तीची सुट्टी.

ज्यांना सुरू करायचं असेल त्यांनी हलकं धनुष्य घ्यावं, 16 ते 24 पाउंडांच्या ओढीचं. पहिल्याच दिवशी जड धनुष्य मागणारे बहुतेक तालमीतले गडी असतात, आणि खांदा धरून तेच आधी घरी बसतात. बोटांना चामड्याचा टॅब, हाताला आर्मगार्ड लावा, नाहीतर दोरीचा फटका आठवडाभर निळा दिसतो. बाण नीट पारखून घ्या, तडा गेलेला बाण सुटताना मोडून हातात घुसू शकतो. आणि घरी पाहुण्यांना धनुष्य दाखवताना कुणालाही, अगदी मेव्हण्यालासुद्धा, बाण न लावता दोरी ओढून सोडू देऊ नका. बाणात जायची ती सगळी ताकद धनुष्याच्या पात्यांत परत शिरते आणि चांगलं धनुष्य जागच्या जागी फुटू शकतं.