बार टाकण्याआधी



मी कोलोरॅडोत एल्कची शिकार शिकतो आहे हे कळलं, की पुण्याचे नातेवाईक आधी नेमाबद्दल विचारतात. नेम उन्हाळ्यात चांदमारीच्या मैदानावर शिकता येतो. रॉकी पर्वतात, दहा हजार फुटांवर, नवख्याचा कस लागतो तो ओझ्याच्या हिशेबात.

एल्क हा आपल्या सांबराच्याच कुळातला, पण अंगानं थोराड. पूर्ण वाढलेला नर ३०० किलोंच्या पुढं जातो. तो पडला, की बिनहाडाचं मांसच १०० किलोंच्या आसपास निघतं. हाडासकट मागची एक तंगडी २५ ते ३० किलो भरते, आणि चारही तंगड्या, शिवाय पाठीचं मांस, सगळं पाठीवरून गाडीपर्यंत आणायचं असतं. गाडी चार मैलांवर असेल तर एकट्या माणसाला त्याच वाटेनं पुन्हा पुन्हा चढउतार करावी लागते, आणि पहिली खेप नेईपर्यंत उरलेल्या मांसावर अस्वल येऊ शकतं. सप्टेंबरात, धनुष्यबाणाच्या मोसमात, दुपारी ऊनही चांगलंच असतं. एल्कची केसाळ कातडी ऊब धरून ठेवते. ती लगेच सोलली नाही, तर मांडीच्या हाडालगतचं मांस आतून आंबतं. म्हणून जनावर पडल्या जागीच सोलायचं, तंगड्या विरळ कापडाच्या पिशव्यांत घालून सावलीत वाऱ्यावर टांगायच्या. उजेड गेला तरी हे काम उद्यावर टाकता येत नाही.

मांस टाकून नुसती शिंगं घेऊन येणं हा कोलोरॅडोत फौजदारी गुन्हा आहे, आणि मला तो कायदा मनापासून पटतो. ज्या जनावराचा जीव घेतला, ते ताटापर्यंत नेणं शिकाऱ्याचं कर्तव्यच आहे. म्हणून गाडी किती दूर, सोबत किती जण, ऊन किती, याचं उत्तर बंदूक उचलण्याआधी तयार हवं. ते मनाला पटत नसेल, तर नर कितीही जवळ येऊ दे, बार टाकू नये.

जवळ जायचं तर वारा सांभाळावा लागतो. एल्कची नजर एक वेळ चुकवता येईल, नाक नाही. पहाटे थंड हवा डोंगरावरून खाली वाहते, तेव्हा खालून वर चढावं. ऊन चढलं की हवा तापून वर जाऊ लागते, मग वरच्या अंगानं यावं. संध्याकाळी ती पुन्हा उलटते. इथले शिकारी खिशात बारीक भुकटीची बाटली ठेवतात आणि चिमूटभर उडवून वारा पाहतात. वारा फिरला, तर तासन् तास काढलेला माग सोडून मुकाट्यानं मागं फिरायचं. गोळी झाडल्यावरही लगेच धावायचं नसतं. अर्धा तास थांबायचं. घाई केली तर जखमी जनावर उठून मैलोगणती जातं आणि हाल होऊन मरतं.

भारतात १९७२च्या कायद्यानं शिकार बंद झाली, आणि ते योग्यच झालं. इथली गोष्ट वेगळी. एकोणिसाव्या शतकात बाजारासाठी झालेल्या बेसुमार शिकारीनं एल्क संपत आले होते. पुढं निर्बंध आले, दुसरीकडून कळप आणून सोडले गेले, आणि १९३७च्या कायद्यानं बंदुका व काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामी लागला. आज एकट्या कोलोरॅडोत अडीच लाखांहून जास्त एल्क आहेत. मोसम आणि परवाने ठरवून दिलेले असतात, आणि बहुतेक शिकारी रिकाम्या हातानं परततात.

या राज्यातल्या ज्या मराठी तरुणांना पहिला परवाना काढायचा आहे, त्यांना एवढंच सांगेन. आधी पाठीवर २५ किलोंची पिशवी घ्या, तुमच्या गावाजवळचा एखादा डोंगर चढा आणि उतरा. लगेच दुसरी खेप करायची ताकद उरली, तरच अर्ज भरा.