भैरवगढचा ठसा आणि पडद्यावरील खेळ

उज्जैन शहराच्या उत्तरेस शिप्रेच्या काठी भैरवगढ ही वस्ती आहे. कालभैरवाच्या दर्शनाला येणारा मराठी यात्रेकरू तेथून नेहमीच जातो. उज्जैन ही ग्वाल्हेरच्या आधीची शिंद्यांची राजधानी असल्यामुळे त्याला हा परिसर परका वाटत नाही. मात्र वाटेवरील छिप्यांच्या घरांकडे तो क्वचितच वळतो. तेथे लांब मेजावर कापड ताणलेले असते आणि कारागीर कोरीव लाकडी ठसा रंगात बुडवून कापडावर उमटवीत पुढे सरकत असतो. ठसा असतो वीतभराचा, कापड असते कित्येक हात लांब. तरीही तयार झालेल्या चादरीवर सांधा कोठे आहे हे सहसा ओळखू येत नाही. ठशाच्या कोपऱ्यावरील बारीक खुणा मागच्या ठशाच्या खुणांवर नेमक्या बसवावयाच्या, यातच सारे कौशल्य आहे.

अलीकडे घरोघरीची मुले ज्यांत तासन्‌तास गढून जातात ते व्हिडिओ गेम याच युक्तीवर उभे राहिले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती वाटेल. पण वस्तुस्थिती तशीच आहे.

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८५ मध्ये ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ बाजारात आणला. तो ज्या यंत्रावर चाले, त्याचा पडदा आडव्या २५६ आणि उभ्या २४० टिंबांचा होता; म्हणजे एकूण ६१,४४० टिंबे झाली. प्रत्येक टिंबाचा रंग स्वतंत्रपणे लक्षात ठेवावयाचा म्हटले, तर त्या काळच्या स्वस्त यंत्राच्या स्मृतीत एक चित्रही मावले नसते. म्हणून पडद्याचे आठ टिंबे लांब व आठ टिंबे रुंद असे चौकोन पाडले. आडवे ३२ आणि उभे ३०, असे ९६० चौकोन झाले. यंत्रात २५६ छोटे ठसे तयार ठेवलेले असत. कोणत्या चौकोनात कितव्या क्रमांकाचा ठसा उमटवावयाचा, एवढेच मग सांगावयाचे उरले. ६१ हजार टिंबांचा हिशेब हजाराहून कमी आकड्यांत आटोपला. तो अख्खा खेळ ४० किलोबाइटांत, म्हणजे सुमारे ४१ हजार रोमन अक्षरे मावतील एवढ्या जागेत, सामावला आहे. त्यातील आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपे यांचा आकार एकच आहे. ढग पांढरा आहे आणि झुडूप हिरवे, एवढाच काय तो भेद. एकच ठसा दोन रंगांत उमटवून दोन वस्तू करण्याची ही काटकसर भैरवगढच्या कारागिराला सांगावी लागणार नाही.

ठशांच्या जगात सर्वांत कामाचे गणित म्हणजे भागाकार, आणि त्यातही भागाकारापेक्षा बाकी. डावीकडून शंभराव्या टिंबावर उभा असलेला खेळगडी कोणत्या ठशावर आहे, हे यंत्राला क्षणोक्षणी ठरवावे लागते. कारण तेथे जमीन असेल तर त्याने उभे राहावयाचे, खड्डा असेल तर पडावयाचे. शंभराला आठाने भागले की भागाकार बारा येतो आणि बाकी चार उरते. मोजणी शून्यापासून धरली, तर तो बाराव्या ठशाच्या चौथ्या टिंबावर आहे. छिपाही काम सुरू करण्यापूर्वी कापडाच्या लांबीत ठसा किती वेळा बसेल हे मनाशी मोजतो. बाकी उरली तर शेवटचे फूल अर्धेच छापले जाते, आणि गिऱ्हाईक ते हटकून दाखविते.

मोजणी शून्यापासून धरावयाची, तर शून्य कोठे मानावयाचे हेही ठरवावे लागते. शाळेच्या आलेखात शून्य खाली डावीकडे असते. पडद्यावर ते बहुधा वर डावीकडे असते आणि आकडे खाली उतरताना वाढतात. हा निव्वळ संकेत आहे. प्राचीन भारतीय ज्योतिर्विदांनीही असाच एक संकेत पाळला: पृथ्वीवरील रेखांशांचे शून्य त्यांनी उज्जयिनीवरून जाणाऱ्या रेषेवर मानले.

शहराच्या दुसऱ्या बाजूला, शिप्रेच्याच काठी, सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात बांधलेली वेधशाळा आहे. माधवराव शिंदे यांच्या कारकीर्दीत १९२३ मध्ये तिचा जीर्णोद्धार झाला, आणि गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्गणितज्ञाने तिचे अधीक्षकपद सांभाळले. तेथे उभे राहिले की त्याहूनही जुना एक हिशेब आठवतो. अवंतीच्या वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘पंचसिद्धांतिका’ रचली. वर्तुळाच्या चतुर्थांशाचे चोवीस समान भाग करून प्रत्येक भागाची ज्या, म्हणजे ज्याला आज शाळेत ‘साइन’ म्हणतात ती, त्याने त्यात देऊन ठेवली. ग्रहाचे स्थान काढणाऱ्याने दर वेळी मुळापासून भूमिती मांडीत बसू नये, कोष्टकातून आकडा उचलावा, हा त्यामागील हेतू. त्रिज्या त्याने १२० मानली. त्यामुळे ३० अंशांची ज्या थेट ६० येते आणि अपूर्णांकांचा जाच कमी होतो.

आता १९९३ मध्ये अमेरिकेत निघालेला ‘डूम’ हा खेळ पाहावा. त्यात खेळणारा बोळांतून धावतो, वळतो, आणि तो जसा वळेल तसे भिंतींचे चित्र बदलते. धावण्याची दिशा तिरपी असेल, तर पावलाचा किती भाग पूर्वेकडे व किती उत्तरेकडे हे ज्या आणि कोटिज्या यांवाचून कळत नाही. आणि हे सेकंदाला तीस-पस्तीस वेळा ठरवावे लागते. त्या काळची यंत्रे अपूर्णांकांच्या गणितात मंद होती. म्हणून खेळ रचणाऱ्यांनी वर्तुळाचे ८,१९२ भाग केले, त्यांच्या ज्यांचे कोष्टक आधीच करून ठेवले, आणि एकाच्या जागी ६५,५३६ हा आकडा घेऊन सारे हिशेब पूर्णांकांत आणले. वराहमिहिराचे चतुर्थांशाला चोवीस भाग, यांचे २,०४८. त्याची त्रिज्या १२०, यांची ६५,५३६. रीत तीच आहे. अमेरिकेतील तरुणांनी ‘पंचसिद्धांतिका’ वाचली होती असा याचा अर्थ मुळीच नव्हे. तसे दावे करण्याची हौस अनेकांना असते, आणि त्यात ना वराहमिहिराचा गौरव होतो ना सत्याचा. हिशेब पुष्कळ आणि वेळ थोडा अशी अडचण आली की शहाणा गणिती कोष्टकाकडे वळतो, एवढाच अर्थ घ्यावा. कोष्टकातील दोन आकड्यांच्या मधला आकडा हवा असेल तर काय करावे, याची सुधारलेली रीत ब्रह्मगुप्ताने इ. स. ६६५ च्या ‘खंडखाद्यका’त सांगितली आहे. दोन ज्ञात स्थितींमधील हालचाल भरून काढण्याचे हे काम पडद्यावरील खेळांना आजही पदोपदी करावे लागते.

आता पुन्हा भैरवगढला यावे. तेथे ठशांच्या छपाईइतकेच बाटिकचे कामही प्रसिद्ध आहे. वितळलेल्या मेणाने कापडावर नक्षी काढतात आणि कापड रंगात बुडवितात. मेण असलेल्या जागी रंग चढत नाही. पण कापड हाताळताना मेणाला बारीक भेगा पडतात व त्यांतून रंग आत झिरपतो. कोणती भेग कोठे जाईल हे कारागीरही सांगू शकत नाही. त्यामुळे दोन चादरी कधीच हुबेहूब सारख्या निघत नाहीत.

यंत्राला असे काही जमत नाही. त्याला ‘वाटेल तो आकडा सांग’ म्हटले तर ते आधी ठरलेला हिशेबच करणार. ‘डूम’मध्ये तर २५६ आकड्यांची एक यादी होती; यंत्र ती ओळीने वाचीत जाई आणि संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. शत्रूचा नेम लागला की चुकला, हे त्या यादीवरून ठरे. खेळणाऱ्याला ते दैव वाटे. आजच्या खेळांत यादीच्या जागी अधिक गुंतागुंतीची सूत्रे असतात. मात्र कोणती गोष्ट कितीदा घडू द्यावयाची, ते प्रमाण खेळ रचणाराच ठरवितो.

येथे प्रश्न करमणुकीपुरता राहत नाही. पुष्कळ खेळांत पैसे देऊन बंद पेटी उघडावयाची सोय असते. आत हवे ते शस्त्र वा पोशाख निघेल किंवा निघणार नाही. जपानने २०१२ मध्ये अशा विक्रीचा एक प्रकार बेकायदा ठरविला, चीनने २०१७ पासून संभवाचे प्रमाण जाहीर करावयास लावले, तर बेल्जियमने २०१८ मध्ये अशा पेट्यांना जुगारच म्हटले. आपल्या संसदेनेही ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला.

समजा, पेटीवर शंभरात एक असे प्रमाण स्वच्छ लिहिलेले आहे. मुलगा हिशेब करतो: शंभर पेट्या घेतल्या की एकदा तरी वस्तू मिळणारच. म्हणून तो वडिलांच्या खात्यातून शंभर पेट्यांचे पैसे भरतो. प्रत्येक पेटी रिकामी निघण्याचा संभव ०.९९ आहे. ०.९९ ला स्वतःनेच गुणीत जाऊन तो आकडा शंभर वेळा घेतला की गुणाकार सुमारे ०.३६६ येतो. म्हणजे अशी खरेदी करणाऱ्या दर शंभर मुलांपैकी सुमारे सदतीस जणांच्या शंभरही पेट्यांतून ती वस्तू निघत नाही. आणि एकशे एकावी पेटी उघडतानाही प्रमाण शंभरात एक हेच असते. आधीच्या शंभर पेट्यांची यंत्राला आठवण नसते.