प्रवासात हार्ड डिस्क गेली तर

प्रवासात लॅपटॉप अचानक सुरू होईना, तर बहुतेक जण काय करतात? बंद-चालू, बंद-चालू. नका करू. आधी कान लावा. आतून टक्-टक् येतंय? मग पॉवर बंद, आणि थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे. डिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० फेरे मारते, वाचणारं हेड तिच्यावर काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं. ते बिघडलं असेल तर प्रत्येक स्टार्टला तबकडी खरवडू शकते. आणि तो फ्रीजरमध्ये ठेवायचा फेमस उपाय? आत दव धरतं, बाकी काही नाही.

माझ्या डिस्कचा आवाज नव्हता. राजापूरजवळ मामाकडे होतो, आदल्याच दिवशी आजीच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केलेल्या. गावात फोन कसाबसा लागतो, अपलोड विसराच. सकाळी विंडोज लोगोवरच अडकलं. बायोसमध्ये मात्र डिस्क दिसत होती. म्हणजे आशा होती.

एसटीनं रत्नागिरी गाठली, एक्स्टर्नल डिस्क घेतली. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं आणि डीडीरेस्क्यू लावलं. फुकट आहे, आणि डोकं भारी: आधी जे सहज वाचता येतं ते उचलतं, अडलेल्या जागा नोंदवून ठेवतं, त्यांच्याशी झगडा शेवटी. मध्येच लाइट गेली तरी त्या नोंदीवरून पुढे चालू. फाइल्स शोधायच्या त्या कॉपीत, मूळ डिस्कला हात लावायचा नाही.

रात्रभर चाललं. एक ओवी मध्येच तुटली, बाकी सगळ्या आल्या. तुटलेली आजीला फोनवर विचारली, तर तिनं वेगळीच म्हटली!